सूत्राला न चालणाऱ्या संख्या

गणिताच्या तासाला फलन शिकवताना आपण विद्यार्थ्यांना तीन गोष्टी सांगतो : प्रांत, सहप्रांत आणि नियम. यांपैकी नियम विद्यार्थ्यांना आवडतो, कारण त्यात संख्या घालून उत्तर काढता येते. प्रांत मात्र परीक्षेपुरता पाठ केला जातो. वास्तव संख्यांत ऋण संख्येचे वर्गमूळ निघत नाही आणि शून्याने भागता येत नाही, ही दोन वाक्ये म्हटली की प्रांताचा विषय संपतो.

संशोधनाच्या व्यवहारात मात्र हा विषय तेथे संपत नाही, उलट सुरू होतो. आज सांख्यिकीची बहुतेक आकडेमोड संगणकावरील तयार फलनांनी केली जाते. फलन लिहिणारा एक असतो आणि वापरणारा दुसरा. दोघांची गाठ कधी पडत नाही. वापरणारा संख्या पुरवतो, फलन उत्तर देते, आणि ते उत्तर पुढे शोधनिबंधात, शासकीय अहवालात किंवा रुग्णाच्या कागदावर जाऊन बसते. पुरवलेली संख्या त्या फलनाच्या प्रांतात होती की नाही, हे कोणी तपासायचे? केव्हा तपासायचे? आणि ती प्रांताबाहेरची निघाली तर करायचे काय? हे प्रश्न वाटतात त्यापेक्षा जुने आहेत आणि कठीणही. त्यांचा इतिहास आम्ही येथे मुख्यतः एका सूत्राच्या आधाराने सांगणार आहोत. ते सूत्र पुण्यात जन्मले आणि आज जगभरच्या जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळांत वापरले जाते.

घंटा वाजवणारे यंत्र

चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने १८३० च्या दशकात ‘अॅनॅलिटिकल एंजिन’ नावाच्या यंत्राची कल्पना मांडली. ते यंत्र त्याच्या हयातीत पूर्ण झाले नाही, पण आजच्या संगणकाचे ते पूर्वज मानले जाते. बॅबेजने १८६४ साली आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्यातील दोन गोष्टी आपल्या विषयाच्या अगदी मुळाशी जातात.

पहिली गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. यंत्रात चुकीचे आकडे घातले तर उत्तर बरोबर येईल का, असा प्रश्न ब्रिटिश संसदेच्या सदस्यांनी आपल्याला दोनदा विचारल्याचे बॅबेज सांगतो. असा प्रश्न कोणत्या वैचारिक गोंधळातून निघत असेल हेच आपल्याला उमगत नाही, असा शेराही तो मारतो. ही गोष्ट हसण्यासाठी सांगितली जाते.

दुसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही, पण तीच अधिक महत्त्वाची आहे. आकडेमोड करताना यंत्राला एखाद्या संख्येचा लॉगॅरिथम हवा असेल तर यंत्र घंटा वाजवील आणि कोणत्या संख्येचा लॉगॅरिथम हवा ते दाखवील. मग सेवकाने कपाटातून त्या संख्येचे छिद्रित कार्ड काढून यंत्राला द्यायचे. त्या कार्डावर लॉगॅरिथम तर असेच, पण मूळ संख्याही असे. यंत्र आधी आपल्याला हवी असलेली संख्या आणि कार्डावरील संख्या यांची वजाबाकी करी. बाकी शून्य आली तरच लॉगॅरिथम स्वीकारायचा. शून्य आली नाही, तर आणखी मोठ्याने घंटा वाजवायची, कार्ड चुकीचे असल्याचे दाखवायचे आणि थांबायचे.

म्हणजे संसद सदस्यांच्या ज्या प्रश्नाला बॅबेज हसला, त्या प्रश्नाचा एक भाग त्याने स्वतः गंभीरपणे सोडवला होता. चुकीच्या आकड्यांतून बरोबर उत्तर निघणार नाही हे खरेच. पण आकडा चुकीचा असल्याचे यंत्राला काही वेळा ओळखता येते, आणि ओळखता आले तर यंत्राने गप्प बसू नये, हे बॅबेजला पुरते समजले होते. बाहेरून आलेली वस्तू तपासायची, चुकीची असल्यास ओरडायचे आणि पुढे जायचे नाही, असा त्याचा नियम होता.

पुण्यातील चार पाने

आता आपण पुण्याला येऊ. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १९०७ साली गोव्यातील कोसबेन या गावी झाला. वडील धर्मानंद हे पाली व बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक. दामोदर यांचे उच्च शिक्षण अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात झाले. बनारस आणि अलीगढ येथे काही काळ शिकवल्यानंतर १९३० च्या दशकाच्या आरंभी ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक झाले आणि १९४५ पर्यंत तेथे राहिले. इतिहासकार म्हणून ते आपल्याला अधिक परिचित आहेत. पण हजारो प्राचीन नाणी अचूक तराजूवर तोलून त्या वजनांचा सांख्यिकी अभ्यास करणारे हे इतिहासकार मुळात गणिती होते.

१९४३-४४ च्या सुमारास ‘अॅनल्स ऑफ युजेनिक्स’ या इंग्लंडमधील नियतकालिकात कोसंबींचा चार पानांचा एक निबंध आला. त्याचा विषय जनुकांमधील अंतराचा होता. त्याची पार्श्वभूमी थोडक्यात अशी :

गुणसूत्रावर जनुके माळेतील मण्यांप्रमाणे एका ओळीत असतात. बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोडीतील दोघांमध्ये तुकड्यांची अदलाबदल होते. दोन जनुके एकमेकांपासून जितकी दूर, तितकी त्यांच्या मधल्या जागी अदलाबदल होण्याची शक्यता जास्त. म्हणून संततीपैकी किती अंशात त्या दोन जनुकांची नवी जोडणी दिसते ते मोजले तर अंतराचा अंदाज येतो. अमेरिकेत टॉमस हंट मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेतील आल्फ्रेड स्टर्टेव्हंट या तरुण विद्यार्थ्याने १९१३ साली याच मार्गाने फळमाशीच्या सहा जनुकांचा पहिला नकाशा काढला.

नव्या जोडणीच्या या प्रमाणाला आपण ‘प’ म्हणू. अडचण अशी की, दोन जनुकांच्या मध्ये दोनदा अदलाबदल झाली तर ती एकमेकींना खोडून टाकतात आणि जोडणी जुनीच दिसते. त्यामुळे अंतर कितीही वाढले तरी ‘प’ निम्म्याच्या वर जात नाही. दोन जनुके एकाच गुणसूत्रावर फार दूर असोत किंवा वेगळ्याच गुणसूत्रांवर असोत, ‘प’ ०.५ असतो. मग ‘प’ वरून खरे अंतर कसे काढायचे? १९१९ साली जे. बी. एस. हॉल्डेन यांनी एक सूत्र दिले. त्यात प्रत्येक अदलाबदल दुसरीपासून स्वतंत्र असते असे धरले होते. प्रत्यक्षात मात्र एका जागी अदलाबदल झाली की तिच्या जवळपास दुसरी सहसा होत नाही. हा परस्पर-अटकाव जनुके जवळ असताना तीव्र असतो आणि अंतर वाढत जाईल तसा सैल पडतो. कोसंबींनी ही गोष्ट एका साध्या गृहीतकात बसवली आणि त्यातून पुढील सूत्र मिळाले :

अंतर = १/४ × लॉग [ (१ + २प) ÷ (१ − २प) ]

येथे लॉग म्हणजे नैसर्गिक लॉगॅरिथम. उत्तर मॉर्गन या एककात येते. त्याला १०० ने गुणले की सेंटिमॉर्गन मिळतात. ‘प’ ०.१० असेल तर अंतर १०.१ सेंटिमॉर्गन येते, ०.२० ला २१.२, ०.३० ला ३४.७ आणि ०.४० ला ५४.९. हॉल्डेन यांच्या सूत्राने याच चार प्रमाणांना अनुक्रमे ११.२, २५.५, ४५.८ आणि ८०.५ अशी उत्तरे येतात. भात, ज्वारी, हरभरा अशा पिकांच्या जनुकनकाशांसाठी कोसंबींचे सूत्र पुढे सर्रास वापरले गेले. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मॅपमेकर’ या आज्ञावलीतही हॉल्डेनबरोबर कोसंबींचा पर्याय दिलेला होता.

कोष्टक आणि संगणक

या सूत्राचा प्रांत पाहा. ‘प’ ऋण असू शकत नाही आणि ०.५ च्या वर असू शकत नाही. ०.५ ला छेद शून्य होतो आणि अंतर अनंत. ०.५ च्या पुढे छेद ऋण होतो, आणि ऋण संख्येला वास्तव लॉगॅरिथम नसतो. सीमेजवळही उत्तर झपाट्याने पळते : ‘प’ ०.४९ असेल तर ११४.९ सेंटिमॉर्गन, ०.४९९ असेल तर १७२.७ आणि ०.४९९९ असेल तर २३०.३.

कोसंबींच्या काळात हे सूत्र वापरणारा माणूस हाताने आकडेमोड करी आणि छापील कोष्टक पाही. छापील कोष्टकाचा एक गुण आपल्या लक्षात येत नाही. त्यात प्रांताबाहेरच्या संख्येसाठी ओळच नसते. ज्या संख्येने कोष्टकात शिरायचे तिला इंग्रजीत ‘आर्ग्युमेंट’ म्हणत. हाच शब्द पुढे संगणकाच्या फलनाला पुरवल्या जाणाऱ्या राशीसाठी रूढ झाला. कोष्टकात ०.५२ शोधणाऱ्याला ती ओळ सापडत नसे. मग तो थांबे, डोके खाजवी आणि आपली मूळ नोंद पुन्हा पाही. तपासणी अशी आपोआप होत असे, ती कोणी मुद्दाम लिहिलेली नव्हती.

१९४५ मध्ये कोसंबी होमी भाभांच्या निमंत्रणावरून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले आणि १९६२ पर्यंत तेथे होते. घर पुण्यात, काम मुंबईत. त्यामुळे ‘डेक्कन क्वीन’ने त्यांची ये-जा चाले. कल्याणनंतर डोंबिवलीचे फलाट मागे टाकीत ती गाडी मुंबईकडे धावे. आमच्या डोंबिवलीकरांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल कोण जाणे! त्याच संस्थेत, त्याच काळात, भारतीय बनावटीचा पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक आकाराला येत होता. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला हा संगणक १९६० मध्ये पूर्णपणे चालू झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. त्याच्या स्मृतीत ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. आजच्या साध्या मोबाइलच्या तुलनेत ही जागा नगण्यच. एवढ्याशा जागेत मुख्य आकडेमोड बसवतानाच कसब लागे, तेव्हा पुरवलेल्या राशींच्या तपासणीवर जागा खर्च करणे ही चैन होती. १९६४ साली संस्थेत सीडीसी ३६०० हा परदेशी संगणक आला आणि फोरट्रान भाषेतून आज्ञावल्या लिहिणे देशातील अनेक संशोधकांच्या आटोक्यात आले.

आयबीएम कंपनीने १९५७ मध्ये वापरात आणलेल्या फोरट्रानमुळे सूत्र जवळजवळ जसेच्या तसे लिहिता येऊ लागले. पण सुरुवातीच्या फोरट्रानमध्ये एक उणीव होती. उपआज्ञावलीला अपूर्णांक हवा असताना कोणी पूर्णांक पुरवला तरी बहुधा काहीच तक्रार होत नसे. त्या पूर्णांकाचे बिट अपूर्णांक म्हणून वाचले जात आणि भलताच आकडा तयार होई. तपासायचे ते आज्ञावली लिहिणाऱ्याने. त्या काळी लिहिणारा आणि वापरणारा बहुधा एकच असे, म्हणून हे चालून गेले.

‘संख्या नव्हे’

पुढे ही परिस्थिती पालटली. १९७६ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खास सांख्यिकीसाठी ‘एस’ ही भाषा तयार करायला घेतली. तिच्याच धर्तीवर न्यूझीलंडमध्ये रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी ‘आर’ ही भाषा रचली. तिची १.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी आली. ‘आर’ मोफत असल्याने ती जगभर पसरली. कोणीही फलन लिहावे आणि कोणीही ते वापरावे अशी मोकळीक मिळाली. लिहिणारा आणि वापरणारा आता कायमचे वेगळे झाले.

मधल्या काळात, १९८५ साली, संगणकाच्या अपूर्णांकी आकडेमोडीचे एक आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले. त्यात ‘संख्या नव्हे’ अशा अर्थाची एक खास खूण आहे. ऋण संख्येचा लॉगॅरिथम मागितला की संगणक थांबण्याऐवजी ही खूण देऊ शकतो, आणि तिच्यावर पुढे जी आकडेमोड होईल तिचे उत्तरही सहसा हीच खूण असते. म्हणजे गळक्या नळाचे पाणी खालच्या मजल्यावर दिसावे तशी ती शेवटच्या उत्तरात दिसते, पण गळती कुठे आहे ते सांगत नाही.

या खुणेचा आणखी एक चमत्कारिक गुण आहे. तिची कोणत्याही संख्येशी तुलना केली तर उत्तर ‘असत्य’ येते. ती ०.५ पेक्षा मोठी आहे का? असत्य. लहान आहे का? तेही असत्य. त्यामुळे पहाऱ्याची अट कशी लिहावी याला महत्त्व येते. ‘प ०.५ पेक्षा मोठा असेल तर थांब’ अशी अट लिहिली, तर बहुतेक संगणकभाषांत ‘संख्या नव्हे’ ही खूण त्या पहाऱ्यातून सुखरूप आत जाते, कारण ती मोठी नाही. ‘प शून्य ते ०.५ च्या दरम्यान असेल तरच आत घे, नाहीतर थांब’ असे लिहिले तर ती बाहेर अडते. माणसाच्या बोलण्यात ही दोन वाक्ये जवळजवळ सारखीच, संगणकाला मात्र वेगळी. ‘आर’मध्ये याच दुसऱ्या वळणाचे ‘स्टॉप-इफ-नॉट’ हे फलन आहे : दिलेली अट निःसंशय सत्य नसेल तर थांब.

मुकाट्याने केलेली दुरुस्ती

प्रांताबाहेरची राशी आली तर फलनापुढे चार मार्ग असतात. थांबून चूक सांगणे. इशारा देऊन पुढे जाणे. ‘उत्तर उपलब्ध नाही’ असे सांगणे. किंवा स्वतःच राशीत दुरुस्ती करून मुकाट्याने उत्तर देणे. यांतला चौथा मार्ग वापरणाऱ्याला सर्वांत सोयीचा वाटतो आणि तोच सर्वांत घातक ठरू शकतो.

‘आर’मधीलच एक उदाहरण घेऊ. एका विद्यार्थ्याला तीन विषयांत ३५, ६० आणि ८५ गुण मिळाले. सरासरी ६०, हे तोंडी सांगता येते. नवशिका मात्र ‘आर’च्या सरासरीच्या फलनाला हे तीन आकडे स्वल्पविराम देऊन नुसते एकामागून एक पुरवतो. उत्तर येते ३५! कोणतीही घंटा वाजत नाही. झाले असे : फलनाला सर्व गुण एका गठ्ठ्यात, पहिल्या जागी हवे होते. त्याने ३५ एवढीच माहिती धरली. दुसऱ्या जागी, दोन्ही टोकांकडची किती अंश माहिती वगळायची ते सांगायचे असते. तेथे ०.५ पर्यंतचीच संख्या अर्थपूर्ण आहे. ६० हा आकडा मुकाट्याने ०.५ धरला गेला आणि सरासरीऐवजी मध्यक काढला गेला. एका संख्येचा मध्यक तीच संख्या! तिसरी जागा गहाळ नोंदी गाळायच्या की नाहीत एवढेच विचारते, तेथे ८५ ने काही बिघडले नाही. फलनाच्या माहितीपत्रकात हा ०.५ चा नियम स्पष्ट लिहिलेला आहे. पण तो वाचण्याची गरज आहे हे वापरणाऱ्याला कळणार कसे?

मुकाट्याने होणाऱ्या दुरुस्तीचा फटका जनुकशास्त्रालाही बसला. ‘सेप्ट-२’, ‘मार्च-१’ अशा संक्षिप्त नावांची काही मानवी जनुके होती. कोष्टकांच्या आज्ञावलीत ही नावे भरली की ती तारखा समजून बदलली जात. हा प्रकार २००४ मध्ये एका शोधनिबंधात नोंदला गेला. २०१६ च्या एका पाहणीत, अशा कोष्टकांत जनुकांची यादी जोडणाऱ्या निबंधांपैकी सुमारे पंचमांशांत अशा चुका आढळल्या. अखेर २०२० मध्ये नामकरण समितीने त्या जनुकांची नावेच बदलली. आज्ञावलीने न विचारता केलेल्या मदतीपुढे विज्ञानाला आपली परिभाषा बदलावी लागली.

०.५२ चे काय करायचे?

आता कोसंबींच्या सूत्राकडे परत येऊ, कारण खरा पेच तेथे आहे. आतापर्यंतच्या उदाहरणांत प्रांताबाहेरची राशी म्हणजे वापरणाऱ्याची चूक होती. पण नेहमी तसे नसते.

समजा दोन जनुके वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहेत. त्यांचा खरा ‘प’ ०.५. आपण १०० संतती तपासल्या आणि त्यांपैकी ५२ मध्ये नवी जोडणी आढळली. आपला अंदाज ०.५२. यात कोणाचीही चूक नाही. नाणे १०० वेळा उडवून ५२ वेळा छाप पडावी तसाच हा प्रकार. अशा प्रयोगात ५० पेक्षा अधिक नव्या जोडण्या आढळण्याची संभाव्यता सुमारे ४६ टक्के आहे. म्हणजे निर्दोष प्रयोग करणाऱ्या जवळजवळ निम्म्या संशोधकांच्या हाती सूत्राला न चालणारी संख्या येईल.

फलन लिहिणाऱ्याने काय करावे? एक मार्ग असा की ०.५ किंवा त्याहून मोठी संख्या आली तर ती ०.५ च्या किंचित खाली आणायची. पण किंचित म्हणजे किती? ०.४९९ वर आणली तर अंतर १७२.७ सेंटिमॉर्गन, ०.४९९९ वर आणली तर २३०.३. हा आकडा भात किंवा ज्वारीने दिलेला नाही, तो आज्ञावली लिहिणाऱ्याने दिला. वापरणाऱ्याला मात्र तो मोजलेल्या अंतरासारखाच दिसतो.

दुसरा मार्ग म्हणजे कडक पहारा : ०.५ च्या वर काही आले की थांबायचे. हा मार्ग अधिक प्रामाणिक आहे, पण त्याचेही एक टोक बोचते. समजा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र करायचे आहेत. ज्यांवर फलन अडले ते ‘चुकीचे’ समजून संशोधकाने टाकून दिले आणि उरलेल्यांची सरासरी घेतली. खरा ‘प’ ०.५ असताना आणि प्रत्येक प्रयोगात १०० संतती असताना, उरलेल्यांची सरासरी ०.४६३ च्या आसपास येते. कोसंबींच्या सूत्राने त्याचे अंतर सुमारे ८१.५ सेंटिमॉर्गन! ज्या जनुकांचा एकमेकांशी काही संबंध नाही ती एकाच गुणसूत्रावर मांडली जातील. प्रत्येक संख्या तपासून आत घेतली, तरी निष्कर्ष खोटा निघाला.

आमच्या मते यातून वाट अशी निघते. दोन फलने वेगळी ठेवावीत. नव्या जोडण्या मोजून प्रमाण काढणाऱ्या फलनाने ०.५२ आनंदाने स्वीकारावा. तेथे अट एवढीच की मोजलेल्या जोडण्या आणि एकूण संतती या पूर्ण संख्या असाव्यात, एकूण शून्य नसावी आणि जोडण्या एकूणपेक्षा जास्त नसाव्यात. अनेक प्रयोग एकत्र करायचे तर ते याच पायरीवर, काहीही न गाळता करावेत. त्यानंतर येणाऱ्या अंतराच्या फलनाने ०.५ किंवा अधिक प्रमाण आल्यास आकडा देऊ नये. ‘ही जनुके सहलग्न असल्याचा पुरावा या माहितीत नाही’ असे शब्दांत सांगावे. आणि ऋण प्रमाण आल्यास सरळ थांबावे, कारण ते नशिबाने येऊ शकत नाही. येथे पहारा अधिकच गरजेचा आहे. −०.१ घातला तर सूत्र कुरकुर न करता −१०.१ सेंटिमॉर्गन असे उत्तर देते!

तात्पर्य, कोणती संख्या नाकारायची आणि कोणती ऐकून घ्यायची हे संगणकशास्त्र एकटे ठरवू शकत नाही. त्यासाठी तो विषय ठाऊक असावा लागतो.

पहाऱ्यापलीकडचे

काही चुका मात्र कोणत्याच पहाऱ्याला सापडत नाहीत. ‘प’ टक्क्यांत, म्हणजे २० असा पुरवला तर फलन अडेल, कारण तो ०.५ च्या वर आहे. पण कोणाला ०.२ टक्के म्हणायचे असेल आणि त्याने नुसते ०.२ लिहिले, तर ती संख्या प्रांतात व्यवस्थित बसते. उत्तर शंभरपटीहून अधिक चुकते आणि कोणालाच कळत नाही. सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळाकडे पाठवलेले एक अमेरिकन यान अशाच कारणाने नष्ट झाले. एका गटाने पौंडात दिलेले आकडे दुसऱ्या गटाच्या आज्ञावलीने न्यूटनमधले समजून वापरले होते.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर आधार क्रमांक पाहा. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी या क्रमांकांच्या वाटपाला आरंभ झाला. या १२ अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक तपासणीचा असतो. डच गणितज्ञ फेरहूफ यांनी १९६९ मध्ये दिलेल्या पद्धतीने तो आधीच्या ११ अंकांवरून काढला जातो. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर ही पद्धत ते नक्की पकडते. पण क्रमांक बिनचूक लिहिला आणि तो दुसऱ्याच माणसाचा असेल, तर तो अंक काहीच सांगू शकत नाही. क्रमांकाची घडण तपासणे वेगळे आणि त्याचा अर्थ तपासणे वेगळे.

वर्गात काय करता येईल?

हा विषय शिकवायला संगणक हवाच असे नाही. दोन कृती आम्ही सुचवतो.

पहिली कृती आठवी-नववीच्या वर्गासाठी. डोंबिवलीतील काय किंवा दुसऱ्या कोणत्या गावातील काय, कोणत्याही वर्गात कोरा कागद फिरवा आणि प्रत्येकाला आपली उंची लिहायला सांगा, पण एकक सांगू नका. कोणी १४२ लिहील, कोणी १.४२, तर कोणी ४.८ लिहील आणि त्याच्या मनात चार फूट आठ इंच असतील. ही तिन्ही उत्तरे जवळजवळ एकच उंची सांगतात. मग मुलांना विचारा : या यादीची सरासरी काढण्यापूर्वी कोणते प्रश्न विचारायला हवेत? लिहिले आहे ती संख्या आहे का? प्रत्येकाची एकच नोंद आहे का? ती शक्य त्या मर्यादेत आहे का? एकक कोणते? ४.१० ही उंची ४.८ पेक्षा जास्त की कमी? या प्रश्नांची यादी मुलांनीच फळ्यावर लिहावी. फलनाला पुरवलेल्या राशींच्या तपासणीचा हाच आराखडा आहे.

दुसरी कृती वरच्या वर्गांसाठी. ४० विद्यार्थ्यांपैकी प्रत्येकाने नाणे १०० वेळा उडवावे आणि छापांची संख्या लिहावी. छाप म्हणजे नवी जोडणी. सरासरीने अठरा-एकोणीस विद्यार्थ्यांना ५० पेक्षा जास्त छापा मिळतील. आधी सर्वांची सरासरी काढा. ती ५० च्या अगदी जवळ येईल. मग ५० च्या वरचे आकडे ‘सूत्राला चालत नाहीत’ म्हणून खोडून टाका आणि पुन्हा सरासरी काढा. ती ४६ च्या आसपास उतरेल. खोडलेल्या आकड्यांत एकही चूक नव्हती, हे विद्यार्थ्यांनी आपल्या हातांनी उडवलेल्या नाण्यांवरून त्यांना ठाऊक असेल. यानंतर फळ्यावर कोसंबींचे सूत्र लिहा आणि त्याचा प्रांत विद्यार्थ्यांना सांगायला लावा.